प्रकाशाची शिट्टी

पाणी गोठले की त्याचा बर्फ होतो. पदार्थ तोच, बदलते ती त्याची अवस्था. पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्याही अशा अवस्था असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकळेपणाने फिरतात, म्हणून तांबे विजेचे सुवाहक आहे. रबरात ते तसे फिरत नाहीत, म्हणून रबर दुर्वाहक आहे. काही पदार्थ मात्र दोन्ही रूपे घेतात. व्हॅनेडियम डायऑक्साइड हा त्यांपैकीच एक. एरवी त्यातून वीज फारशी वाहत नाही. पण सुमारे ६८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की तो एकदम धातूसारखा वागू लागतो. १९५९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या एफ. जे. मॉरिन यांनी हे दाखवून दिले.

शाळेच्या मैदानावरील कवायत आठवा. मुले तीच, मैदान तेच. पण शिट्टी वाजली, की रांगा बदलतात. इलेक्ट्रॉनांसाठी उष्णता ही अशीच शिट्टी आहे. प्रकाशही तसेच काम करू शकतो.

मात्र ही शिट्टी फार छोटी हवी. प्रकाश बराच वेळ पडत राहिला, तर सगळा पदार्थच तापतो. क्षणभराचा झोत आधी इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देतो. अणू जड असतात. ते नीट हलण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलू लागते.

हा क्षण फेमटोसेकंदात मोजतात. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातील एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक फेमटोसेकंद! इजिप्तमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ अहमद झेवेल यांनी अशा झोतांच्या मदतीने रासायनिक क्रिया घडताना पाहिल्या. त्यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

झोताने पाहता येते, तसे बदलताही येते. २०१४ साली स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील शास्त्रज्ञांनी टँटलम व गंधक यांच्या संयुगाचा स्फटिक अतिशय थंड केला. त्यावर ३५ फेमटोसेकंदांचा एकच झोत सोडला. स्फटिकातून वीज सहज वाहू लागली आणि झोत संपल्यावरही ती अवस्था टिकून राहिली. केवळ तापवून किंवा थंड करून ही अवस्था मिळत नाही. म्हणून तिला 'लपलेली अवस्था' म्हणतात. स्फटिकाला ऊब दिली, की ती पुसली जाते.

संगणक आपली माहिती ० आणि १ या दोन खुणांनी लिहितो. स्फटिकाच्या दोन अवस्था या दोन खुणांचे काम करू शकतात. मग माहिती लिहायला वेळ कमी लागेल आणि वीजही वाचेल. पण त्यासाठी ही अवस्था कडक थंडीबाहेरही टिकायला हवी. मित्रांनो, हे कोडे सोडवणाऱ्यांत उद्या तुम्हीही असाल का?

शब्दार्थ
सुवाहक – ज्यातून वीज सहज वाहते असा
दुर्वाहक – ज्यातून वीज सहज वाहत नाही असा
झोत – प्रकाशाचा जोराचा प्रवाह
संयुग – दोन किंवा अधिक मूलद्रव्ये मिळून बनलेला पदार्थ

स्वाध्याय
१. तांबे सुवाहक का आहे?
२. प्रकाशाचा झोत फार छोटा का असावा लागतो?
३. 'लपलेली अवस्था' कशाला म्हटले आहे?
४. 'सुवाहक × दुर्वाहक' याप्रमाणे विरुद्धार्थी शब्द लिहा : जड, थंड, छोटा.