नजरेआड होणारा आकडा

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हे औषध कोणत्या जंतूवर किती प्रभावी? अमेरिकेत विल बर्टिन या आरेखनकाराने १९५१ साली अशी माहिती आलेखात मांडली होती. एका जंतूची वाढ रोखण्यास पेनिसिलिनचे प्रमाण ०.००१ एकक पुरे. दुसऱ्यास ८७० लागे!

१ एककास १ सेंटिमीटर घेतल्यास दुसरा स्तंभ ८.७ मीटर उंच होईल, पहिला दिसणारही नाही. म्हणजे औषध जेथे सर्वांत गुणकारी, तेच नजरेआड!

म्हणून दर २ सेंटिमीटरला दहापट अशी लॉग मापनी घ्या. ०.००१ ते १००० हे सारे १२ सेंटिमीटरांत मावेल. मात्र या मापनीवर शून्य नसते, हे ध्यानात ठेवा. आता दोन्ही बिंदू वहीत मांडून पाहा.