आधी बांध, मग भजन

बाळा, झावळ्यांच्या रविवारी तुझं दृढीकरण झालं, आता तू मंडळीचा पुरता सभासद. पाळकसाहेबांनी विचारलं, तू ‘होय’ म्हणालास, सगळ्यांनी हार घातले. ते ‘होय’ निभवायचं कसं, तेवढं आजीकडून ऐकून घे. तारणाच्या मोठ्या गोष्टी पाळकसाहेब सांगतील. मी शेताच्या, पैशाच्या आणि सोयरिकीच्या सांगते, कारण माणूस घसरतो तो तिथंच.

तुम्हा पोरांचा आवडता प्रश्न म्हणजे ‘देवाची माझ्यासाठी इच्छा काय?’ नोकरी पुण्यात घेऊ की नगरला, म्हणून उपासतापास करता. घ्या की कुठंही! जे शास्त्रात स्पष्ट लिहून ठेवलंय ते आधी कर, मग न लिहिलेलं विचार. अनुवादाच्या १९व्या अध्यायात शेजाऱ्याची मेर सरकवायची नाही, असं सरळ सांगितलंय. याला दर्शन लागत नाही, दृष्टान्त लागत नाही. नांगरट चालू असताना ट्रॅक्टरवाला हळूच विचारतो, ‘बांध जरा घेऊ का?’ यंदा चार बोटं, पुढल्या साली वीतभर. आपण गप्प बसलो की तो ‘हो’च समजतो. म्हणून ट्रॅक्टर रानात असेल त्या दिवशी स्वतः बांधावर उभं राहायचं. हद्दीच्या दगडाभोवतीचं गवत काढून तो उघडा ठेवायचा. बांध आपल्याच वाडवडिलांनी कोरलाय असं मोजणीत निघालं, तर कोर्टाची वाट न बघता रान सोडायचं. जक्कय कर गोळा करणारा, पैशाला हपापलेला. पण प्रभू घरी आला तेव्हा त्यानं भजनं म्हटली नाहीत, लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघाला.

मजुरी. लेवीयाचा १९वा अध्याय आणि अनुवादाचा २४वा, दोन्हीकडे एकच ताकीद आहे: रोजंदाराची मजुरी रात्रभर अडकवू नको, दिवस मावळायच्या आत दे. कांदा काढायला बाया येतात. संध्याकाळी ‘सुट्टे नाहीत, उद्या घे’ म्हणणं फार सोपं असतं. तिच्या घरी मात्र तेल-मीठ आजच आणायचं असतं. काढणीच्या आदल्या दिवशीच सुट्टे आणून ठेव. आणि एक बघ, आता सगळे फोनवर पैसे टाकतात. पुष्कळ बायांकडे स्वतःचा फोन नसतो, पैसे जातात नवऱ्याच्या खात्यात, आणि तिथून दारूच्या दुकानात. म्हणून ‘कुणाच्या नंबरवर टाकू?’ असं तिलाच विचार, नाहीतर रोख तिच्या हातात ठेव. मजुरी थकवून दशमांशाचं पाकीट भरणाऱ्याचं मला कधीच कौतुक वाटलं नाही. शौल राजानं हेच केलं होतं. आज्ञा होती शत्रूचं सगळं नष्ट करायची. यानं चांगली चांगली मेंढरं मागं ठेवली आणि शमुवेल संदेष्ट्यानं हटकल्यावर म्हणतो कसा, अर्पणासाठीच ठेवलीत! चर्चच्या भिंतीवर नाव कोरून दिलेला पंखा बघितला की मला ती मेंढरं ओरडल्यासारखी वाटतात.

आता भांडणाचं. मत्तयाच्या ५व्या अध्यायात प्रभू म्हणतो की, वेदीपाशी आल्यावर भावाचं मन तुझ्यावरून दुखावलंय असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. ऐकणाऱ्यांत होते गालीलकर, आणि वेदी यरुशलेमेला, चालत तीन-चार दिवसांवर. तेवढं चालून आलेल्या माणसाला तो मागं फिरवतो. आपला भाऊबंद तर दोन घरं सोडून राहतो. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की त्याच्या अगोदरच्या आठवड्यात जाऊन ये. एकटा जा, पंचांना बरोबर नेऊ नको. चार माणसं बघितली की समोरचा वकिलाची भाषा बोलायला लागतो. ‘चूक तुझीही होती, पण...’ अशी सुरुवात करू नको. तिथं चहा दिला तर पी. आणि नाताळला मोबाईलच्या ग्रुपवर ‘कळत-नकळत दुखावलं असल्यास क्षमा असावी’ असं टाकून मोकळं होणं, ही माफी नव्हे.

सोयरिकीचं थोडं कडू आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई चिडल्या, रडल्या, पुढं नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं सोडेनात. मग स्वतःला पटलं तेव्हा त्यांनी ते सोडलं, आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. मत्तयाच्या २१व्या अध्यायातला मुलगाही असाच, ‘जात नाही’ म्हणाला आणि मग मळ्यात गेला. आपण दुसऱ्या मुलातले, ‘जातो’ म्हणून न जाणारे. आपल्यात जात नाही, असं व्यासपीठावर म्हणायचं आणि स्थळ आलं की ‘मूळचे कुठल्या समाजातले?’ हे हळूच विचारायचं. तुझ्या लग्नाच्या बोलण्यात हा प्रश्न कुणी काढला, अगदी मी काढला, तरी तिथंच थांबव.

शेवटचं. देवाची आज्ञा पाळायची म्हणजे मोठ्या माणसांपुढं मान डोलवायची, असं तुला कुणीतरी शिकवेल. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे असताना बाप्तिस्मा घेतला, आणि मग त्याच भगिनींशी पत्रांतून वाद घातला, कारण शास्त्रात स्वतः वाचल्याशिवाय त्या काही मानायच्या नाहीत. पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावात बसून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, १९२२मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या तेच काम करत होत्या. असल्या बाईला आज्ञाभंजक कोण म्हणेल?

उद्या तू मंडळीच्या पंच कमिटीवर जाशील. मंडळीच्या जमिनी जुन्या आहेत, त्यांचे भाव आता डोळे फिरवणारे झालेत, आणि कागद मोजक्याच लोकांनी बघितलेत. पहिल्याच बैठकीत सातबारा आणि बँकेचं पासबुक मागून घे. हिशेब वर्षातून एकदा सगळ्या मंडळीपुढं वाचून दाखवा, असा ठराव मांड. ‘देवाच्या कामात शंका घेऊ नये’ असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे सलाम कर आणि सही करू नको.