सातवे अक्षर : रुमानियाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयातील वारसा आणि त्याचे वाचन

बुखारेस्ट येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या सुवर्णदालनात एक सोन्याचे कडे आहे. ते अखंड नाही. त्यावर रूनी लिपीत, म्हणजे प्राचीन जर्मानिक जमातींच्या लिपीत, पंधरा अक्षरे कोरलेली आहेत आणि त्यांपैकी सातवे अक्षर आज वाचता येत नाही. पहिली सहा अक्षरे 'गुतानि' अशी लागतात व त्यांत गॉथ जमातीचे नाव आहे, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. अखेरची सहा 'हाइलाग' अशी असून त्यांचा अर्थ 'पवित्र' असा होतो. वाद आहे तो मधल्या तीन अक्षरांचा. गॉथ भाषेची आपल्याला असलेली माहिती बव्हंशी चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या बायबल-भाषांतरावर आधारलेली आहे. कोरीव लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा स्थितीत एका अक्षराचा लोप ही लहानसहान हानी नव्हे.

हे कडे ज्या निधीतील आहे तो १८३७ साली बुझाउ प्रांतात, इस्त्रित्सा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पिएत्रोआसेले गावच्या शेतकऱ्यांना दगड काढताना सापडला. त्यांनी तो काही काळ लपवून ठेवला व पुढे एका कंत्राटदाराला विकला. या गृहस्थाने वस्तू कुऱ्हाडीने तोडल्या, काहींतील रत्ने उखडली. सरकारला वार्ता लागेपर्यंत बावीसपैकी दहा वस्तू नाहीशा झाल्या होत्या. उरलेल्या बारांचे वजन सुमारे १९ किलोग्रॅम भरते. त्यांत एक मोठे तबक आहे, एक सुरई आहे, मध्यभागी देवीची बसलेली मूर्ती आणि तिच्याभोवती देवतांची मिरवणूक असलेले एक पात्र आहे, चित्त्यांच्या आकाराच्या मुठी असलेली दोन जाळीदार बहुकोनी पात्रे आहेत आणि खांद्यावर वस्त्र अडकवण्याचे पक्ष्यांच्या आकाराचे आकडे आहेत.

१८६७ साली हा निधी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला आणि तेथून लंडनला साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेला. तेथे त्याच्या प्रतिकृती तयार झाल्या, आणि १८६९ साली आरुंडेल सोसायटीने त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. निधी स्वदेशी परतल्यावर १८७५ साली बुखारेस्टमध्ये त्याची चोरी झाली. तो हाती लागला, परंतु तत्पूर्वी एका सोनाराने कड्याचे तुकडे केले होते आणि त्यातच ते सातवे अक्षर गेले. आज ते अक्षर निश्चित केले जाते ते चोरीपूर्वीच्या छायाचित्रावरून व प्रतिकृतीवरून. मूळ प्रत त्रुटित आणि तिची नक्कल अखंड, ही अवस्था भारतीय पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. फरक इतकाच की येथे नक्कल करणारा लेखनिक यंत्र होता, त्यामुळे त्याच्या हातून क्षेपक शिरण्याचा संभव कमी.

छायाचित्रावरून मिळालेले हे अक्षर 'ओ' या ध्वनीचे आहे. ते पुढील अक्षरांना जोडून 'गॉथांच्या ज्यूपिटरला अर्पण' असा अर्थ काही विद्वानांनी लावला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की हे अक्षर येथे ध्वनीसाठी नसून स्वतःच्या नावासाठी योजले आहे. रूनी लिपीत प्रत्येक अक्षराला एक सार्थ नाव असते. 'ओ'चे नाव 'ओथल', आणि ओथल म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता. मराठीत 'वतन' म्हटल्यावर भूमी, कुळ आणि हक्क यांचा जो मिळून एक अर्थ मनात येतो, तो या शब्दाच्या बराच जवळचा आहे. हा पक्ष मान्य केल्यास कड्यावरील वाक्य 'गॉथांचे वतन, पवित्र आणि अभंग' असे होते. म्हणजे सोनाराच्या हत्याराखाली जे एक अक्षर नष्ट झाले ते नेमके वारशाचे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही पक्षांत अडचणी आहेत आणि निर्णय झालेला नाही; केवळ योगायोग सुंदर आहे म्हणून दुसरा पक्ष स्वीकारणे शास्त्रीय ठरणार नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. गॉथांचे वतन रुमानियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा मानबिंदू कसे झाले? संग्रहालयाची स्थापना १९७० साली झाली आणि मे १९७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्यासाठी काल्या विक्तोरिएई या राजरस्त्यावरील जुना टपाल-प्रासाद निवडण्यात आला. वास्तुकार आलेक्सांद्रू सावुलेस्कू यांच्या आराखड्याप्रमाणे १८९४ ते १९०० या काळात बांधलेली ही इमारत. त्या वेळचे त्याचे नाव 'रुमानियाच्या समाजवादी प्रजासत्ताकाचे इतिहास संग्रहालय' असे होते. प्राचीन डेशियन लोकांपासून वर्तमान राज्यापर्यंत एक अखंड धागा दाखवणे हे त्या राजवटीचे धोरण होते. १९८० साली डेशियन राजा बुरेबिस्ताच्या राज्याचा २०५० वा वर्धापन मोठ्या थाटात साजरा झाला, त्यात संशोधनापेक्षा राजकारणाचा भाग अधिक होता. मात्र संग्रहालयातील सर्वांत मौल्यवान वस्तू या धाग्यात सहजी ओवल्या जात नाहीत. कडे गॉथांचे, शिरस्त्राण गेतांचे, स्तंभ रोमचा. यांपैकी एकाही वस्तूच्या कर्त्याने रुमानियन भाषेचा एक शब्दही उच्चारला नसणार, कारण ती भाषा तेव्हा घडलीच नव्हती.

तरीही पिएत्रोआसेलेचा निधी रुमानियन झाला आहे, आणि तो कोणत्याही राजवटीच्या आज्ञेने झालेला नाही. लोकांनी त्याला 'क्लोश्का कु पुई दे आउर' असे नाव दिले: सोन्याची पिले असलेली खुडुक कोंबडी. मोठा आकडा ही कोंबडी, लहान आकडे ही तिची पिले. आकाशातील कृत्तिकापुंजालाही रुमानियन खेड्यांत 'पिलांसह कोंबडी' असेच म्हणतात. या नावाची फोड उद्बोधक आहे. 'पुई' आणि 'आउर' हे लॅटिनमधून वारशाने आलेले शब्द, तर 'क्लोश्का' हा बल्गेरियन, म्हणजे स्लाव शब्द. गॉथांच्या दागिन्यासाठी शेतकऱ्यांनी घडवलेल्या एका नावात त्या भाषेचे दोन थर एकत्र आले आहेत. सरकारी इतिहासाला जी गुंतागुंत अडचणीची वाटली ती लोकभाषेने सहज पचवली.

विद्वानांचे वाचन निराळ्या वाटेने गेले. आलेक्सांद्रू ओदोबेस्कू यांनी या निधीवर सर्व आयुष्य वेचले असे म्हटले तरी चालेल. रुमानियन गद्याच्या इतिहासात त्यांना 'स्यूडो-किनेगेतिकोस' (१८७४) या विलक्षण ललित निबंधामुळे स्थान आहे. परंतु निधीवरील त्यांचा बृहद्ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिलेला असून १८८९ ते १९०० या काळात प्रसिद्ध झाला. अखेरचा भाग त्यांच्या १८९५ मधील मृत्यूनंतरचा. त्यांनी निधीचा संबंध चौथ्या शतकातील गॉथ नायक अथानारिक याच्याशी जोडला. पुढील संशोधन त्याचा काळ पाचव्या शतकाकडे नेते, त्यामुळे अथानारिकाचे नाव मागे पडते. तथापि नायकाशिवाय निधी ही कल्पना ओदोबेस्कूंमधील साहित्यिकाला मानवली नसावी.

संग्रहालयातील दुसरे मोठे वाचनस्थळ ही एक प्रतिकृतीच आहे. ट्राजन सम्राटाने १०१-१०२ व १०५-१०६ या दोन युद्धांत डेशिया जिंकला आणि ११३ साली रोममध्ये त्याचा विजयस्तंभ उभा राहिला. त्यावरील सुमारे २०० मीटर लांबीच्या शिल्पपटाचे साचे एमिल पानाइतेस्कू यांच्या देखरेखीखाली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हॅटिकनच्या कारागिरांनी काढले. ते १९६७ साली बुखारेस्टला पोहोचले. रोममध्ये हा पट स्तंभाभोवती वेढे घेत वर चढतो आणि काही वेढ्यांनंतर खाली उभ्या असलेल्याच्या दृष्टीबाहेर जातो. बुखारेस्टमध्ये तो उलगडून डोळ्यांच्या उंचीवर मांडला आहे. डेसेबालस राजा वृक्षापाशी स्वतःचा गळा चिरतो तो प्रसंग मुळात बराच वर आहे. येथे प्रेक्षक त्याच्यासमोर उभा राहू शकतो. ज्याच्या पराभवाची ही कथा, त्याच्याच भूमीत ती वाचनीय झाली. डेशियनांनी स्वतःची बाजू लिहून ठेवलेली नाही. जेत्याचा ग्रंथही लुप्त आहे: ट्राजनने या युद्धाविषयी लिहिलेल्या 'डासिका'तील पाच शब्दांचे एक वाक्य तेवढे उरले, तेही सहाव्या शतकातील प्रिस्कियान या वैयाकरणाने उदाहरणादाखल उद्धृत केले म्हणून. वैयाकरणांच्या उदाहरणांतून लुप्त काव्यांचे चरण वेचणाऱ्या संस्कृत अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. परिणामी डेशियन युद्धाचा सर्वांत विस्तृत समकालीन वृत्तांत शब्दांविना, शिल्पांतच राहिला आहे, आणि प्रसंगांचा क्रम, स्थळे व व्यक्ती यांविषयी भाष्यकारांचे मतभेद चालू आहेत.

वस्तूंच्या भटकंतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या भीतीने पिएत्रोआसेलेचा निधी राष्ट्राच्या अन्य ठेव्यासह रशियाला पाठवला गेला व १९५६ मध्ये परत आला. राष्ट्रीय बँकेचे सोने मात्र तेव्हा परत मिळाले नाही. सार्मिझेजेतुसा या डेशियन राजधानीच्या परिसरातून चोरट्यांनी या शतकाच्या उंबरठ्यावर चोवीस सुवर्णकंकणे उकरून देशाबाहेर विकली. २००७ ते २०११ दरम्यान त्यांतील तेरा परत मिळवण्यात आली. त्यांच्याबरोबर ती नेमकी कशी, कोणत्या वस्तूंशेजारी पुरली होती हे ज्ञान परत आले नाही. पुरातत्त्वात संदर्भ गेला म्हणजे अर्धा पाठ गेला.

या तेरांपैकी तीन कंकणे आणि कोत्सोफेनेश्त येथील सोन्याचे शिरस्त्राण नेदरलँड्समधील आसेन येथे प्रदर्शनासाठी गेले असता २५ जानेवारी २०२५ च्या पहाटे संग्रहालयाचे दार स्फोटाने उडवून चोरण्यात आले. शिरस्त्राण इसवी सनापूर्वीचे, सुमारे अडीच हजार वर्षे जुने. त्याच्या गालपट्ट्यांवर मेंढ्याचा बळी देणारा पुरुष आहे आणि कपाळावर दोन मोठे डोळे कोरले आहेत. कुदृष्टी परतवण्यासाठी, असा त्यांचा अर्थ सामान्यतः लावला जातो. माथ्याचा तुकडा ते १९२९ च्या सुमारास सापडले तेव्हापासूनच नव्हता. चोरीनंतरच्या वृत्तांत त्याची जी छायाचित्रे जगभर छापली गेली ती सर्व, अर्थातच, चोरीपूर्वीची होती.