घटपर्णी : संगोपनाचा एक पाठ

इतिहासाच्या शिक्षकाने वनस्पतीविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही एक घटपर्णी आणून टांगली आणि आमच्याच मायेने ती तीन महिन्यांत मेली. काळी माती, मुरलेले शेणखत, बोअरचे पाणी, असे जे जे उत्तम म्हणून आम्हांस ठाऊक होते, ते सर्व तिला दिले होते. मुलांनी तर उकडलेल्या अंड्याचे तुकडेही तिच्या घटात टाकले. ती का मेली, याचा शोध घेताना जे उमगले, ते येथे मांडत आहे.

जन्मभूमी आणि कारण

नेपेंथिस या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत. बोर्निओ, सुमात्रा व फिलिपिन्स या बेटांवर त्या विपुल आढळतात. भारतात मात्र निसर्गतः एकच जाती वाढते : मेघालयातील नेपेंथिस खासियाना. जोसेफ हुकर यांनी १८७३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली म्हणतात.

या टोपलीत भूत नाही; कार्यकारणभाव आहे. मेघालयातील प्रचंड पाऊस मातीतील नत्र धुऊन नेतो. अशा निःसत्त्व भूमीत जगण्यासाठी या वेलीने वेगळा मार्ग काढला. तिच्या पानाचे टोक ताण्यासारखे लांबते आणि त्याच्या शेवटी घट तयार होतो. मधुरसाच्या ओढीने आलेला कीटक निसरड्या काठावरून आत घसरतो, पाचक रसात बुडतो आणि त्यातील नत्र वनस्पतीला मिळते. कीटक शिरताच झाकण मिटते, हा समज चुकीचा आहे. एकदा उघडलेले झाकण पुन्हा मिटत नाही. पावसाचे पाणी घटात अतोनात शिरू नये, हे त्याचे काम. शिवाय इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे ही वेलदेखील आपले अन्न सूर्यप्रकाशातच तयार करते. कीटक ही तिची भाकरी नव्हे, पूरक आहार होय.

आपल्या साताऱ्याच्या कास पठारावरील दवबिंदू आणि सीतेची आसवं याही कीटकभक्षीच. तेथेही कारण तेच : जांभ्या खडकावरील पातळ, निकस माती.

इतिहासातील एक चूक

हुकर यांनी १८७४ मध्ये बेलफास्ट येथील व्याख्यानात घटातील पचनक्रियेचे प्रयोग मांडले. पुढील वर्षी चार्ल्स डार्विन यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ आला. त्या काळी इंग्लंडमधील धनिकांना काचगृहांत घटपर्णी वाढविण्याचा मोठा छंद जडला होता. उष्ण प्रदेशातील वनस्पती म्हणजे तिला उकाडाच हवा, ही त्यांची सर्वसाधारण समजूत. परंतु बोर्निओतील किनाबालू पर्वताच्या उंच उतारांवरील ‘नेपेंथिस राजा’ या जातीला रात्रीचा गारवा लागतो. तिला जोपासणे त्या निष्णात माळ्यांनाही फार अवघड गेले. तेव्हा आपल्याजवळील रोप सखल प्रदेशातील जातीचे की डोंगरमाथ्यावरील, हा पहिला प्रश्न असावा. खासियाना या दोहोंच्या मधली आहे. म्हणून नवशिक्यास ती तुलनेने सोपी जाते.

संगोपनाची रीत

माती व खत पूर्णपणे टाळावे. स्फॅग्नम शेवाळ, नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे आणि परलाइट यांचे भुसभुशीत मिश्रण करावे. कुंडीतून पाणी सहज निथळले पाहिजे. मुळे सतत पाण्यात राहिल्यास कुजतात.

पाणी पावसाचे साठवलेले किंवा आर.ओ. यंत्रातील द्यावे. बोअरच्या पाण्यातील क्षार कुंडीत साचत जातात. आमचे रोप मुख्यतः शेणखत आणि या क्षारांमुळेच गेले.

सकाळचे कोवळे ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड हवा. उजेड किंवा हवेतील ओलावा कमी पडल्यास पाने येतात, पण घट धरत नाहीत. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कुंडी सावलीच्या जाळीखाली ठेवावी आणि भोवती पाण्याने भरलेली पसरट भांडी मांडावीत.

घटातील रस ओतून टाकू नये. रोप उघड्यावर असल्यास मुंग्या व माश्या आपोआप सापडतात. अन्यथा महिन्याकाठी एखादा कीटक पुरे. मांस किंवा अंडे टाकल्यास ते सडते आणि घटही सडवते. जुना घट काही महिन्यांनी वाळतो, ते नैसर्गिकच. तो कापून टाकावा.

नवे रोप खोडाच्या फाट्यापासून करता येते. बियांसाठी मात्र नर व मादी अशी दोन स्वतंत्र झाडे लागतात.

आपली जबाबदारी

खाणकाम, जंगलतोड आणि विक्रीसाठी होणारी उपट यांमुळे खासियाना आज संकटग्रस्त आहे. तिच्यासाठी मेघालयात बाघमारा येथे छोटे अभयारण्य राखले आहे, आणि रानातून आणलेल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. म्हणून रोप घेताना ते रोपवाटिकेतच वाढविलेले आहे, याची खात्री करावी. बाजारात सहज मिळणाऱ्या संकरित जातींनी आरंभ करणे उत्तम.

आमच्या व्हरांड्यात आता दुसरी घटपर्णी आहे. मुले पावसाळ्यात तिच्यासाठी पिंपात पाणी साठवितात. पहिल्या वेळी आम्ही आपल्याजवळ काय आहे ते पाहून दिले. या वेळी तिची घडण कोठे व कशी झाली, हे आधी विचारले. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलापुढे उभा राहताना हा क्रम मला आजही आठवतो.