विहिरीवरील डिझेल इंजिन : निगा व साठवण

बारामती तालुक्यातील सुपे व त्याच्या आसपासचा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. येथील जिराईत शेतीस विहिरीचा आधार मोठा आहे. दिनांक १२ मे १८७५ रोजी याच सुप्याच्या बाजारात कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि दख्खनच्या उठावास तोंड फुटले. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. काळ पालटला, तरी कर्ज काढून घेतलेले यंत्र हेळसांडीने निकामी झाल्यास हप्ता मात्र चुकत नाही, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

विजेचे पंप आता सर्वत्र दिसतात. तथापि जेथे वीज पोहोचत नाही किंवा वेळेवर मिळत नाही, तेथे विहीर, ओढा व शेततळे यांवर डिझेल इंजिनच उपयोगी पडते. उन्हाळ्यात विहीर आटली की ते महिनोन्‌महिने पडून राहते. इंजिनाची खरी हानी पुष्कळदा या विश्रांतीच्या काळातच होते.

रोजची निगा

इंजिन सपाट जागी व बंद असताना तेलकांडी पुसून वंगणाची पातळी पाहावी. वंगण बदलण्याचा काळ इंजिनाच्या पुस्तिकेत तासांनी दिलेला असतो. म्हणून चालविल्याचे तास वहीत टिपून ठेवावेत. रोज पाच तास चालणारे इंजिन वीस दिवसांत शंभर तास चालते, हे अंदाजाने ध्यानात राहत नाही. डिझेल नेहमी गाळून भरावे. आपल्या भागातील धूळ इंजिनात शिरली की दट्ट्याची कडी व सिलिंडर झिजतात. यास्तव हवा-गाळणी वेळच्या वेळी साफ करावी.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे पाणी बंद पडल्यास दट्ट्या तापून अडकतो. विहिरीचे पाणी तळाशी गेले असता इंजिन सोडून दूर जाऊ नये. तापलेल्या इंजिनावर एकदम थंड पाणी ओतू नये. त्यास तडा जातो.

साठवणीपूर्वीची कामे

१. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे व वंगण कोमट असतानाच काढावे. त्यासोबत गाळही निघून जातो. नवे वंगण भरून इंजिन काही मिनिटे चालवावे.

२. इंजिन व पंप यांतील सर्व पाणी काढून टाकावे.

३. डिझेल टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढून टाकी काठोकाठ भरावी. रिकाम्या टाकीतील दमट हवेचे पाणी होऊन गंज चढतो.

४. डिझेलची तोटी बंद करून हवेच्या वाटेने थोडेसेच स्वच्छ वंगण सोडावे. दाब सोडण्याची तरफ उचलून इंजिन हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे सिलिंडरला आतून तेलाचा थर बसेल.

५. तरफ खाली करून, फिरविताना जड लागेल तेथे थांबावे. त्या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात व दमट हवा आत जात नाही.

६. हवेचे व धुराचे तोंड तेलकट फडक्याने बांधावे. पट्टा सैल करून काढून ठेवावा.

७. इंजिन फळ्यांवर, कोरड्या जागी झाकून ठेवावे. रासायनिक खताच्या पोत्यांजवळ ते ठेवू नये; खत ओल धरते व लोखंड गंजविते.

दर पंधरा दिवसांनी फडकी सोडून इंजिन हाताने फिरवावे व पुन्हा त्याच स्थितीत आणून बंद करावे.

पुन्हा सुरू करताना

फडकी काढली आहेत, वंगण व पाणी भरले आहे, याची खात्री करावी. डिझेलच्या नळीतील हवा, बुडबुडे थांबेपर्यंत काढावी. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. झटका उलटला तर मनगट वाचते. प्रथम काही मिनिटे इंजिन भाराविना चालवावे.

प्राणघातक चूक

सामान्य पंप व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा अधिक खोलीचे पाणी ओढू शकत नाही. पाणी खाली गेले की काही जण इंजिनच विहिरीत उतरवितात. हे कदापि करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही. तो विहिरीत साचून माणसाचा प्राण घेतो. कंदील विझला नाही, एवढ्यावरून आतील हवा सुरक्षित मानता येत नाही. कोणी बेशुद्ध पडल्यास दुसऱ्याने तसेच खाली उतरू नये. एकामागून एक बळी जातात. ११२ क्रमांकावर तत्काळ मदत मागवावी. पाणी खोल गेल्यास पाणबुडी विद्युत पंपासारखी अन्य व्यवस्था करावी.

ग्रामसेवक व कृषी साहाय्यक यांनी विहिरी आटण्यापूर्वी गावातील एखाद्या इंजिनावर ही सर्व कामे प्रत्यक्ष करून दाखवावीत आणि प्रत्येक शेतकऱ्याकडून ती एकदा स्वहस्ते करवून घ्यावीत. ऐकलेले विसरते, हाताने केलेले राहते. असे जपलेले इंजिन पहिल्या पावसानंतर विहिरीस पाणी येताच कामास सिद्ध असेल, आणि दुरुस्तीसाठी नवे कर्ज काढण्याची पाळी येणार नाही.