पकडलेली मरळ फ्रीजरमध्ये ठेवताना
हिंगोलीकडून अमेरिकेत नव्याने आलेल्या घरांसाठी, आधी आलेल्या घरांच्या अनुभवातून

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या माणसाला मासे साठवायची सवयच नसते. सिद्धेश्वर नाहीतर इसापूर धरणातली मासोळी सकाळी बाजारात येते, दुपारी चुलीवर चढते आणि रात्रीपर्यंत पातेलं रिकामं होतं. अमेरिकेत हे गणित उलटं होतं. गळ टाकायला सुटीचाच दिवस मिळतो, लागले तर एकदम भरपूर मासे लागतात आणि घरात खाणारी तोंडं तीन नाहीतर चार. मग फ्रीजर आला आणि त्यापाठोपाठ तक्रारही आली: तुकडा कापसासारखा लागतो, रश्श्याला वास येतो. दोष फ्रीजरच्या माथी मारला जातो, पण बहुतेक वेळा मासा आत जाण्याआधीच बिघडलेला असतो.

मेरीलँड-व्हर्जिनियाकडे राहायला आला असाल तर नशीबवान आहात. पोटोमॅक नदीत आणि चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या पाण्यात नॉर्दर्न स्नेकहेड मिळतो, म्हणजे आपल्या मरळीचा चुलतभाऊच. २००२ मध्ये क्रॉफ्टन गावच्या तळ्यात तो सापडला तेव्हा केवढा गहजब झाला होता. तळ्यात औषध टाकून सगळे मासे मारले गेले. आता २०२४ पासून मेरीलँड त्यालाच ‘चेसापीक चन्ना’ म्हणतं, लोकांनी आवडीने खावा म्हणून. हा बाहेरून आलेला मासा स्थानिक माशांवर उठलेला असल्यामुळे तिथे कितीही पकडला तरी चालतो. फक्त जिवंत बाळगायचा नाही. आपल्याकडे मरळ पाण्याच्या बादलीत जिवंत ठेवून विकतात, घरीही तशीच आणतात. इथे तसं केलंत तर तो गुन्हा. हा मासा हवेतही श्वास घेतो, ओला राहिला तर तासन्‌तास मरत नाही, तेव्हा काठावरच त्याचा निकाल लावा.

परवान्याशिवाय गळ टाकू नका. इतर माशांना बहुतेक ठिकाणी संख्येची मर्यादा असते आणि कॅनडातल्या ओंटारिओसारख्या प्रांतात फ्रीजरमधले मासेही त्या मोजणीत धरतात. कोणत्या पाण्यातला मासा महिन्यातून किती वेळा खावा, याच्या सरकारी सूचना असतात; गर्भवती बाई किंवा लहान मूल घरात असेल तर त्या आधी वाचा.

आता चवीचं. मासा मारल्याबरोबर कल्ल्यांखाली कापून रक्त वाहू द्या, मग ठेचलेल्या बर्फात पुरा. बर्फ वितळून साठणारं पाणी काढत राहा. गाडीच्या डिकीत दोन तास नुसता पडलेला मासा नंतर कितीही थंड केला तरी सुधारत नाही. घरी आल्यावर आतडी काढून पोटाची पोकळी, विशेषतः काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ, नखाने खरवडून धुवा. मरळीचा बुळबुळीतपणा गावाकडे राखेने चोळून घालवतात. इथे राख नाही. जाडं मीठ चोळून लगेच धुतलं की काम होतं. सोललीत तर त्याचीही गरज नाही. कॅटफिशची साल काढल्यावर खाली लालसर पट्टा दिसतो, तोही काढून टाका, उग्र वास बराचसा तिथेच असतो. चिखलट वासाला चिंचेचं पाणी किंवा लिंबू लावा. तो वास आणणारं द्रव्य आंबटाने मोडतं. पण हे रांधायच्या दिवशी, साठवताना नाही.

हळद-मीठ लावून डबा भरायची आपली पद्धत एका रात्रीपुरती ठीक आहे. महिनोन्‌महिने ठेवायचं तर ती सोडाच: मीठ पाणी ओढून घेतं आणि तेलकट मासा लवकर खवट करतं. यावर जुन्या घरांत अजून वाद होतो, पण दोन्ही पद्धतींचे तुकडे एकाच दिवशी तळून बघा. मरळीसारख्या कमी तेलाच्या माशाला हवं तर लिटरभर गार पाण्यात पाव कप मीठ विरघळवून वीसेक सेकंद बुडवा, बस्स. मग कागदाने टिपून कोरडा करा.

मासा हळूहळू गोठला की त्याच्या अंगातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते मांस फाडतात आणि वितळताना सगळा रस निथळून जातो. म्हणून तुकडे एकावर एक न रचता ताटात पसरून गोठवा. कडक झाले की बर्फगार पाण्यात बुडवून काढा, पुन्हा गोठवा, असं दोन-तीनदा. तुकड्यावर काचेसारखा थर चढतो आणि हवा लागत नाही. नंतर पिशवीतली हवा काढून, एका जेवणापुरते भाग करून, तारीख लिहून ठेवा. तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं. कमी तेलाचा मासा सहा ते आठ महिने चांगला राहतो, कॅटफिश किंवा सामन दोन-तीन महिन्यांत संपवा. फ्रीजवरच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या कप्प्यात तापमान वरखाली होतं, त्यामुळे एवढ्या मुदतीचा भरवसा धरू नका.

वितळवायचा तो आदल्या रात्री, फ्रीजच्या खालच्या फळीवर, जाळीवर ठेवून; निथळलेल्या पाण्यात मासा भिजत राहू नये. ओट्यावर ठेवू नका, गरम पाण्यात तर नाहीच. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी गार नळाच्या पाण्यात ठेवा आणि अर्ध्या तासाने पाणी बदला. हवा काढून सील केलेली पिशवी मात्र फ्रीजमध्ये ठेवण्याआधी कापून उघडा. बोट्युलिझमचे काही जिवाणू हवा नसलेल्या जागी फ्रीजच्या थंडीतही वाढतात आणि त्यांचं विष वासाने कळत नाही. ही एक सूचना विसरू नका.

वितळलेला तुकडा पुन्हा टिपून कोरडा करा, मग तळा. रश्श्यात टाकायचा असेल तर अर्धवट गोठलेलाच कापा, सुरी सरळ चालते. येसराचा रस्सा आधी उकळून घ्या आणि मासा शेवटी सोडा. गोठवलेला तुकडा ताज्यापेक्षा लवकर फुटतो. एकदा वितळलेला कच्चा मासा परत गोठवून चव राहत नाही. कालवण जास्त होईल असं वाटलं तर मासा न टाकलेला रस्साच वेगळा काढून गोठवा, तो माशापेक्षा चांगला टिकतो.