हाताने केलेली स्तनतपासणी पुरेशी आहे का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ५४ वर्षांच्या आहेत. मॅमोग्राफीसाठी मुंबईला जायला त्या तयार नाहीत. आरोग्य सेविकेने हाताने केलेल्या तपासणीचा खरंच उपयोग होतो का?
— एक वाचक, दादरा

उत्तर : होतो, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांचा २० वर्षे अभ्यास केला. निम्म्या महिलांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा स्तनतपासणी केली. २०२१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढील महिलांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआधी मात्र तसा फायदा दिसला नाही. आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, हे या यशाचे कारण.

सासूबाईंच्या वयाला हा निष्कर्ष थेट लागू पडतो. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा सिल्वासाच्या श्री विनोबा भावे रुग्णालयात चौकशी करून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करून घ्या. मात्र गाठ, त्वचेला खळी किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव दिसला, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. अशा वेळी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरजेनुसार बायॉप्सी करायलाच हवी. तेव्हा मुंबईला जावे लागले, तरी त्यांना जरूर न्या.